वोनोसारीत कुणाची तक्रार नाही

बु तिनाहच्या ऑफिसातला फोन कधी वाजत नसे. तो बिघडलेला नव्हता. दर सोमवारी सकाळी ती स्वतःच्या मोबाइलवरून त्याला एकदा वाजवून बघे, तो ठणठणीत वाजे, मग ती तो उचलून स्वतःलाच "हॅलो" म्हणे आणि समाधानाने खाली ठेवे. आठवड्यातलं तेवढंच काय ते बोलणं त्या फोनवर होई.

संस्था बँकॉकची. चार देशांत तिचं काम चाले आणि सगळीकडे कामाची तऱ्हा एकच. गावात महिन्यातून एकदा लहान मुलांना झोळीच्या काट्यावर टांगायचं, वजन टॅबमध्ये भरायचं, आणि कुठलं पोर वाळायला लागलंय ते वेळेत ओळखायचं. हे करणाऱ्या बाया गावातल्याच, बिनपगारी, हौसेच्या. टॅब अडला की त्यांनी पडद्यावरचं लाल बटण दाबायचं किंवा मदतकेंद्राला फोन करायचा. मदतकेंद्र इंडोनेशियात, जावाच्या वोनोसारीत, बाजाराच्या मागच्या गल्लीत, आणि मदतकेंद्र म्हणजे एकटी बु तिनाह; तिकडे बाईला बु म्हणतात, पुरुषाला पाक. कागदावर हे सगळं फार छान दिसत होतं. फक्त तो कागद ज्याने केला, त्याने वोनोसारीभोवतीच्या गुनुंग किदुलच्या डोंगरातली बाई कधी पाहिली नव्हती.

इथली बाई साप चावला तरी विचारणाऱ्याला आधी "काही नाही हो, तुम्ही जेवलात का?" असं म्हणेल. ती कुठली लाल बटण दाबतेय? तक्रार करायची म्हणजे समोरच्याला त्रास द्यायचा, आणि वर कुणाची तरी चूक आहे असं तोंडावर म्हणायचं. त्यापेक्षा साप परवडला.

बु तिनाह याच डोंगरातली. लग्नाआधी ती सरपंचाच्या कचेरीत टाइपरायटर बडवायची, पुढे कचेरीत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याला हात लावायला सगळे घाबरले म्हणून तोही हिच्याच गळ्यात पडला. तिथून ही मदतकेंद्रात आली. पन्नाशी उलटलेली, ठेंगणी, डोक्याच्या रुमालाला कायम दोन टाचण्या जास्त लावणारी, कारण मोटरसायकलवर रुमाल उडतो. मोटरसायकल मात्र अशी हाणायची की वळणावर कोंबड्या तिचा आवाज ओळखून आधीच बाजूला होत.

टॅब तर बिघडतच होते. माणसांच्या हातातल्या वस्तू बिघडायच्याच. बिघडले की कादेर बायका, म्हणजे वजन घेणाऱ्या त्या हौशी बाया, बु तिनाहकडे खाऊ पाठवत. एवढंच. शब्दही नाही. कसाव्याच्या कंदाचे वेफर्स आले की समजायचं, पासवर्ड विसरला. टेंपेचे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे, काप आले की पडद्याला तडा. तळलेल्या नाकतोड्यांचा डबा आला की मशीन वारलं. एकदा दोन डबे आले तेव्हा बु तिनाह हातातलं काम टाकून पळाली. टॅब फणसाच्या कालवणात पडून शिजला होता.

खाऊने भागलं नाही तर स्वयंपाकघर होतंच. डोंगरात कुणाकडे लग्न असो की बारसं, दोन दिवस आधीपासून गावातल्या सगळ्या बाया मागच्या अंगणात जमून चिरायला बसतात. तिथे हात मिरचीत आणि तोंड जगाच्या उचापतीत. जी बाई चारचौघांत "हो हो"च्या पलीकडे बोलत नाही, ती तिथे खोबरं किसता किसता सासूपासून सरपंचापर्यंत सगळ्यांची पिसं काढते. अट एकच, नाव घ्यायचं नाही. "एक बाई आहे" असं म्हणायचं, आणि ती बाई शेजारीच बसलेली असली तरी तिनेही "अगंबाई, खरंच?" म्हणायचं.

बु तिनाह प्रत्येक लग्नाला हजर. आपली सुरी, आपला पाट घेऊन बसायची, कान उघडे ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी सहज जाता जाता त्या "एका बाई"च्या घरी पाणी प्यायला थांबायची. "टॅब बघू तुझा, माझ्या टॅबवर रंग वेगळा दिसतो," म्हणायचं, दुरुस्त करायचा आणि निघायचं. नोंद मात्र करायची नाही. नोंद करायची तर कुणाच्या हातून काय झालं ते लिहावं लागतं, नावानिशी. एवढा दुष्टपणा तिच्याच्याने होणं शक्य नव्हतं.

त्यामुळे बँकॉकच्या तक्त्यावर वोनोसारीसमोर दर महिन्याला शून्य उमटे. पहिल्या वर्षी त्याबद्दल तिला सोनेरी काठाचं प्रमाणपत्र आलं. तिच्या नवऱ्याने, पाक वागिमानने, ते आपल्या घुमणाऱ्या पारव्याच्या पिंजऱ्याशेजारी टांगलं. दुसऱ्या वर्षी बँकॉकच्या लोकांना वाटलं, जिथे कुणाची तक्रारच नाही तिथे तक्रारी ऐकायला बाई कशाला?

त्या वर्षी विरोत आला.

विरोत बँकॉकचा, चाळिशीचा, गोल चेहऱ्याचा आणि बोलायला अत्यंत गोड माणूस. जकार्तात बरीच वर्षं काढलेली असल्यामुळे भाषा येत होती. त्याच्या वरच्या बाईंनी, देलियाने, त्याला एकच काम देऊन पाठवलं होतं. वोनोसारीच्या बाईंना सांगायचं की महिनाअखेर केंद्र बंद, यापुढे गावांनी थेट बँकॉकला फोन करावा. दहा मिनिटांचं काम. देलिया फिलिपिन्सच्या इलोइलोची, तिला एक गोष्ट सांगायला खरंच दहा मिनिटं लागत नसत. विरोतने मात्र विमानात बसल्यापासून हे वाक्य घोकलं आणि उतरल्यावर ते बाजूला ठेवून आधी बु तिनाहला हात जोडले.

"प्रवास बरा झाला ना, पाक विरोत?"

"फार छान. तुमच्याकडची हवा किती छान!"

"आज जरा उकडतंय."

"छे छे, छान उकडतंय."

मग चहा झाला. मोगऱ्याचा वास असलेला, खडीसाखरेचा. विरोतने चहाचं कौतुक केलं, पेल्याचं केलं, पेल्याखालच्या बशीचंही केलं. मग घसा खाकरला.

"बु तिनाह, बँकॉकहून एक निरोप आहे."

"बोला ना."

विरोतने तिच्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, मान किंचित कलती करून, हसऱ्या चेहऱ्याने. त्याचा धीर सुटला.

"सगळ्यांनी तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

"बरं बरं. आणखी काही?"

"आणखी... खूप नमस्कार सांगितलाय."

असे त्या दिवशी संध्याकाळपर्यंत बारा-पंधरा नमस्कार झाले. जाताना त्याने आणलेली भेट तिच्या हातात ठेवली. बिस्किटांचा मोठा पत्र्याचा डबा, वाळवलेल्या आंब्याची पाकिटं, ड्युरियन फळाचे वेफर्स आणि वर निळ्या रेशमाची ओढणी.

घरी येऊन बु तिनाहने ते सगळं सामान चटईवर मांडलं आणि ती त्याच्यासमोर मटकन बसली.

"अहो, बघितलंत का हे? रेशीम आहे! एवढं सामान! काहीतरी मेलंय हो."

पाक वागिमान पारव्याला दाणे घालत होता. त्याने वळून बघितलं. "तुझी नोकरी मेली असेल."

"तोंड सांभाळा."

"मग उद्या विचार त्याला सरळ. पाक विरोत, माझी नोकरी गेली का?"

"असं कसं विचारायचं? विचारलं तर त्याला उत्तर द्यावं लागेल!"

वागिमानने कपाळावर हात मारला. "म्हणजे तुला विचारायचं नाही, त्याला सांगायचं नाही. बसा दोघं चहा पीत. महिनाअखेर केंद्राला कुलूप लागेल तेव्हा दोघं कुलपाचं कौतुक करा."

बु तिनाह हसली. पगार गेला असता तर वाईट वाटलंच असतं, नाही कशाला म्हणा. पण तिच्या डोळ्यांसमोर आला तो गिलांग.

गेल्या साली एका लग्नात मिरच्या निवडताना तिच्या कानावर पडलं होतं, की वरच्या वाडीत एक पोर आहे, मशीन म्हणतं गुटगुटीत आणि आई त्याची चड्डी दोरीने बांधते. बु तिनाहने मिरच्या तिथेच टाकल्या. वरच्या वाडीला रेंज नाही, आणि अ‍ॅपला अशी खोड लागली होती की रेंज नसली तर नवं वजन भरलं तरी पडद्यावर मागच्या महिन्याचंच दिसे. तिथली कादेर बु सुकिनेम. ती दर महिन्याला गिलांगला काट्यावर टांगायची, काटा कमी दाखवायचा, टॅब जास्त दाखवायचा, आणि सुकिनेम टॅबचं ऐकायची. एवढ्या शहाण्या मशीनला, तेही परदेशातून आलेल्या, तू चुकतंयस असं कसं म्हणायचं? तीन महिने ते पोर मशीनच्या मानाखातर वाळत राहिलं. बु तिनाहने आईला आणि पोराला मोटरसायकलवर घातलं आणि दवाखान्यात नेऊन सोडलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, आणखी थोडं थांबला असतात तर अवघड होतं.

गिलांग वाचला. आता तो कोंबड्यांच्या मागे धावतो. पण सुकिनेमचं नाव कुठे येऊ नये म्हणून बु तिनाहने नोंद काही केली नाही. बँकॉकला फोन मात्र केला, आडून आडून. "समजा हं, असंच समजा, कुठेतरी रेंज नसलेल्या ठिकाणी नवं वजन भरलं आणि जुनंच दिसलं तर?" पलीकडचा माणूसही समजूतदार. "समजा तसं असेल, तर मी बघतो," म्हणाला, आणि आठवड्यात अ‍ॅप सुधारून आलं. पलीकडचा तो माणूस विरोतच होता. त्यानेही ते कुठे लिहिलं नाही, कारण चूक ज्याच्या हातून झाली होती तो त्याच्यापेक्षा वयाने मोठा. अशी ही सगळी सज्जन माणसं. चुकीला इतकं सांभाळून घेतलं की ती कुठे झालीच नव्हती.

आता हे केंद्र गेलं तर वरच्या वाडीची सुकिनेम बँकॉकला फोन लावणार होती? बु तिनाहला रात्रभर झोप लागली नाही. सकाळी उठून तिने दोन सुऱ्या दगडावर घासल्या.

"पाक विरोत," ती ऑफिसात म्हणाली, "आज वरच्या वाडीत बु सुकिनेमच्या पुतणीचं लग्नघर आहे. चला ना. आपल्या कादेरही भेटतील."

विरोतला सुटल्यासारखं झालं. ऑफिसात बोलायचं एक दिवस आणखी टळलं. तो मोटरसायकलवर मागे बसला आणि पहिल्या वळणावर त्याने डोळे मिटून घेतले ते वाडी येईपर्यंत उघडले नाहीत.

लग्नघरी पाहुण्याला पुढे मांडवात चटईवर बसवायचं, हा रिवाज. पुरुषांनी पुढे चहाची भट्टी सांभाळायची, हाही रिवाज. बु तिनाहने दोन्ही गुंडाळून ठेवले आणि विरोतला सरळ मागच्या अंगणात नेलं, जिथे वीस-पंचवीस बाया चिरत, सोलत, वाटत बसल्या होत्या. गडी माणूस आत आलेला बघून सुऱ्या थांबल्या.

"हे पाक विरोत," बु तिनाह म्हणाली, "बँकॉकचे. यांना आपलं हिरव्या मिरचीचं कालवण शिकायचंय."

विरोतने आयुष्यात अंडंही उकडलेलं नव्हतं. पण एका बाईला, तेही चारचौघींत, खोटं कसं पाडायचं? "हो," तो म्हणाला, "फार इच्छा आहे."

त्याला पाट मिळाला, आणि समोर छोट्या लाल कांद्यांची टोपली. शेजारी बु सुकिनेम, साठीची, वाळक्या अंगाची, तोंडात पान. बु तिनाह मुद्दाम त्याच्याकडे पाठ करून, दोन हातांवर बसली आणि फणस कापू लागली.

थोड्या वेळात बायांची भीड चेपली.

"बाळ, लग्न झालंय का तुझं?"

"झालंय, बु."

"बायको जेवायला घालते का नीट? कांदा असा धरतात होय? अगं बघा, कांद्याला गुदगुल्या करतोय!"

हशा झाला. विरोतही हसला. कांद्याने त्याचे डोळे वाहायला लागले होते, नाक पुसायला हात मोकळा नव्हता, समोर कुणी ऑफिसचं दिसत नव्हतं, आणि सगळ्या जणी आपापल्या पाटाशी बोलत होत्या. त्या अंगणात बसल्यावर जे सगळ्यांचं होतं तेच त्याचं झालं. त्याने मान खाली घातली आणि कांद्याला सांगितलं:

"एक माणूस आहे. त्याला लांबून पाठवलंय. एका बाईंचं ऑफिस बंद होणार आहे, ते त्यांना सांग म्हणून. पण बाई इतक्या चांगल्या आहेत की त्याची जीभच उचलत नाही. कालपासून नुसता नमस्कार सांगतोय."

सुऱ्या थांबल्या नाहीत, फक्त हळू झाल्या. बु तिनाहची पाठ ताठ झाली. तिने फणसाचा एक गरा काढला, मग दुसरा, आणि फणसालाच विचारलं:

"का बरं बंद होणार असेल त्या बिचारीचं ऑफिस?"

"कारण तिकडे कुणाची तक्रारच येत नाही," विरोत कांद्याला म्हणाला. "वरच्यांना वाटतं, सगळं छान चाललंय."

"अगंबाई, खरंच?" कुणीतरी म्हणालं.

मग ते अंगण जागं झालं. एक बाई आहे, तिचा टॅब कालवणात शिजला. एक बाई आहे, तिच्या नातवाने त्यावर बकरी उभी केली. एक बाई आहे, तिला दर महिन्याला पासवर्ड आठवत नाही आणि तिने कसाव्याचे इतके वेफर्स तळले की नवरा ओरडतो. प्रत्येक "एक बाई" तिथे बसलेली, प्रत्येक जण दुसरीच्या चुकीवर हसणारी, आणि प्रत्येक गोष्टीच्या शेवटी कुणीतरी मोटरसायकलवरून येऊन पाणी प्यायला थांबलेलं. विरोत हसून हसून कांदे विसरला. शून्याच्या आत एवढी गर्दी असेल असं त्याला वाटलं नव्हतं.

हसू ओसरल्यावर बु सुकिनेम बोलली. तिने पान थुंकलं आणि हातातल्या मिरच्यांकडे बघत म्हणाली:

"एक बाई आहे. म्हातारी आहे, मूर्ख आहे. ती पोरांना काट्यावर टांगते. काटा म्हणायचा पोर वाळतंय, मशीन म्हणायचं पोर छान आहे. तिने मशीनचं ऐकलं. तीन महिने ऐकलं. पोराच्या बरगड्या तिला दिसत होत्या, तरी ऐकलं. मग एक जण मोटरसायकलवर आली आणि पोराला घेऊन गेली. आणि त्या मूर्ख बाईला ती एका शब्दाने बोलली नाही. एका शब्दाने नाही."

या वेळी कुणी "अगंबाई" म्हणालं नाही.

विरोतने सुरी पाटावर ठेवली. "समजा," तो पुटपुटला. रेंज नसलेलं ठिकाण, नवं वजन, जुनं वजन. ती गोष्ट त्याने एका दुपारी दुरुस्त केली होती आणि वर कॉफी प्यायला गेला होता. त्याला वाटलं होतं, कुणीतरी विचारायचं म्हणून विचारलं.

"ते पोर," त्याने विचारलं, आणि आता तो कांद्याशी बोलत नव्हता, "कसं आहे?"

सुकिनेमने हनुवटीने अंगणाच्या कडेला दाखवलं. तिथे एक उघडं पोर कोंबडीच्या पिसाने कुत्र्याच्या नाकात गुदगुल्या करत होतं. विरोत बराच वेळ बघत राहिला. डोळे पुसायचे राहूनच गेले, आणि बायांनीही मोठेपणाने ते कांद्याच्या खात्यावर टाकले.

जाताना तो सुकिनेमपाशी थांबला. "बु, हे तुम्ही उद्या देलियाबाईंना सांगाल? ऑफिसात याल? पडद्यावर बोलायचं."

"येईन की," सुकिनेम लगेच म्हणाली. "नक्की येईन."

बु तिनाहने आशा सोडली. इतक्या पटकन "नक्की" म्हणणारी बाई या डोंगरात कधी आलेली नव्हती.

पण सकाळी ऑफिस उघडायला गेली तेव्हा पायरीवर बु सुकिनेम बसलेली. लग्नातली जरीची चोळी, नवा रुमाल, आणि चेहरा दात उपटून घ्यायला आल्यासारखा.

देलिया पडद्यावर आली ती बोलतच आली. मागे बँकॉकची खिडकी, हातात कॉफी. "विरोत! दोन दिवस झाले. सांगितलंस की नाही?"

"सांगितलं," विरोत म्हणाला.

"काय म्हणाल्या त्या?"

"त्यांनी फणस कापला."

"काय?"

मग विरोतने जे केलं ते त्याच्या आईनेही कधी बघितलं नसेल. त्याने वरच्या बाईला मध्येच थांबवलं आणि सगळं सांगितलं. गिलांगचं, अ‍ॅपच्या खोडीचं, आणि ती खोड बँकॉकचीच होती, आपण ती गुपचूप काढली आणि कुठे लिहिलं नाही, हेही. सांगताना त्याचे कान लाल झाले होते. देलियाची कॉफी हातातच राहिली.

"म्हणजे एक मूल मरता मरता वाचलं आणि माझ्या तक्त्यावर शून्य?" तिने कपाळाला हात लावला. "तुम्ही सगळे जण सभ्यपणानेच मारणार आहात मला! बरं. झालं ते झालं. आता खोड निघाली ना? मग पुढचं बोलू. या बाईंनाच विचार. पुन्हा असं काही झालं तर त्या बँकॉकला फोन करतील का? करणार असतील तर केंद्राची गरज काय?"

विरोतने प्रश्न सुकिनेमला सांगितला.

सुकिनेमने पडद्याकडे बघितलं. पडद्यात एक मोठी बाई होती, शहरातली, परदेशातली, शहाणी, आणि ती उत्तराची वाट बघत होती. सुकिनेम गोड हसली. "करीन की," ती म्हणाली. "नक्की करीन."

"बघ," देलिया म्हणाली. "म्हणतायत ना करीन."

बु तिनाहने मान खाली घातली. तिला ओरडावंसं वाटलं, हे 'हो' नाही, हे 'नाही' आहे! पण सुकिनेमला तिच्या तोंडावर, परक्या बाईसमोर खोटं पाडायचं? एवढं सगळं पणाला लागलेलं असतानाही ते तिला जमेना, आणि न जमल्याचा तिला इतका संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

सुकिनेमने ते पाणी बघितलं. मग पुन्हा पडद्याकडे बघितलं. तिचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, फक्त त्याच्या मागे काहीतरी ढासळत होतं. तिने जरीच्या चोळीचं टोक मुठीत धरलं.

"थांबा," ती म्हणाली. "पाक विरोत, त्यांना सांगा, मी खोटं बोलले."

विरोत तिच्याकडे वळला.

"नाही करणार मी फोन," सुकिनेम म्हणाली. "तुमचं मशीन काही म्हणालं की मी हो म्हणणार. तुम्ही काही म्हणालात की हो म्हणणार. आत्ताच म्हणाले, बघितलंत ना? मला लाज वाटेल, मी गप्प बसेन, आणि पोर मरेल. गेल्या वेळी मेलंच होतं. ही आली म्हणून नाही मेलं. हिला विचारावं लागत नाही. हिला कळतं. हिला नेऊ नका. नाही. नाही."

विरोतने ते सगळं जसंच्या तसं देलियाला सांगितलं, एक शब्द मऊ न करता. दोन्ही "नाही"सुद्धा.

देलियाने हातातली कॉफी न पिताच खाली ठेवली. मग ती म्हणाली, "राहू दे ते केंद्र. आणि तक्त्यातून तक्रारीचा रकाना काढून टाक, विरोत, तो मला काहीच सांगत नाही. त्याऐवजी या बाई किती लग्नांना जातात ते लिही."

पण सुकिनेमला यातलं काही ऐकू येत नव्हतं. आपण काय करून बसलो ते तिच्या आत्ता ध्यानात आलं होतं. परक्या बाईला, सकाळच्या पहिल्या प्रहरी, तोंडावर नाही! ती खुर्चीतून अर्धी उठली आणि पडद्यापुढे वाकून माफी मागायला लागली. चुकलं, म्हातारीच्या तोंडाला ताळ नाही, मनात ठेवू नका, बाई, तुम्ही सकाळचं काही खाल्लंत का, नाही? अशीच उपाशी बसलीयेस, पोरी? पुतणीचं लग्न उद्या आहे, ये ना. विरोतला भाषांतर करता करता धाप लागली. शेवटी देलिया, जिने चार देशांत कधी कुणाला एकच प्रश्न दोनदा विचारू दिला नव्हता, तिसऱ्या आग्रहाला "येते, येते" म्हणाली आणि सुटली.

पडदा बंद झाला. विरोत पाणी आणायला म्हणून बाहेर गेला आणि बाहेरच थांबला. बु तिनाहने सुकिनेमचा हात धरला आणि तिला मनापासून रडू आलं. सगळं आयुष्य या डोंगरात गेलं होतं, पण तिच्यासाठी कुणी एवढं केलेलं तिला आठवत नव्हतं.

"बु सुकिनेम," ती रडत रडत हसली, "तुम्ही 'नाही' म्हणालात हो!"

सुकिनेमने घाईघाईने दाराकडे बघितलं.

"गप्प," ती म्हणाली. "वाडीत कुणाला सांगू नकोस."